अनुदान मुलासाठी, धर्मपीठासाठी नव्हे
(ट्रॉम्बे येथील कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धार्मिक संस्थांच्या शाळांना सार्वजनिक पैसा द्यावा काय, या प्रश्नावर दोन घोषणा कानी येतात. पहिली म्हणते, एक पैसाही देऊ नका. दुसरी म्हणते, द्या, पण हिशेब मागू नका. राज्यघटनेला या दोन्ही घोषणा मान्य नाहीत.

संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. अनुदानित शाळेत ते देता येते. मात्र पालकाच्या संमतीवाचून मुलाला त्या तासाला बसविता येत नाही. अशा शाळेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारण्यास अनुच्छेद २९ मनाई करतो. आणि शाळा अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदानात भेदभाव करू नये, हे अनुच्छेद ३० राज्याला बजावतो. अनुदान ही खैरात नव्हे. ते उभयपक्षी बंधन आहे.

देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात घेऊ नये, असा आदेश मुंबई सरकारने जानेवारी १९५४ मध्ये काढला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो घटनाबाह्य ठरविला. त्या शाळांच्या विशेष अनुदानाला अनुच्छेद ३३७ ने अट घातली होती, की निदान चाळीस टक्के प्रवेश इतर समाजांना खुले असावेत. पैसा घेतला की दार उघडावे लागते, आणि ते दार सरकारलाही बंद करता येत नाही.

महाराष्ट्रात २०१३ पासूनच्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत गणित, विज्ञान, भाषा अशा विषयांच्या शिक्षकांसाठी मानधन मिळते. २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकांचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार करण्याचा निर्णय झाला. गणिताच्या शिक्षकाला दिलेला पैसा हा धर्मप्रसारावरचा खर्च नव्हे. याउलट २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा, दोन्ही शिक्षणहक्क कायद्याबाहेर ठेवल्या. तेथील मुलांचा हक्क मात्र त्यामुळे संपत नाही.

परंतु खरा प्रश्न संमतीचा आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, जनता कॉलनी उठवून तेथील कुटुंबांना चिता कॅम्पात आणून टाकले. अशा वस्तीत पालिकेची शाळा दुबळी झाली, तर पालक जी शाळा जवळ आणि स्वस्त, तिच्या दाराशी जाणार. दुसरा पर्याय नसताना दिलेली संमती कागदावर संमती असते, व्यवहारात ती नाइलाज असते. अनुच्छेद २८ चे संरक्षण पालिकेच्या चांगल्या शाळेवाचून पोकळ आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. अनुदान सर्व धर्मांच्या संस्थांना एकाच नियमाने मिळावे. ते लौकिक विषयांपुरते असावे. त्याचा हिशेब जाहीर व्हावा. पालकाची संमती लेखी असावी. आणि या सर्वांआधी प्रत्येक वस्तीत पालिकेची सुसज्ज शाळा हवी. धर्मनिरपेक्षतेची लढाई न्यायालयात लढली जाते हे खरे. पण ती जिंकली जाते किंवा हरली जाते, ती वस्तीतल्या शाळेच्या वर्गात.