फूटपट्टी घेऊन सायकल बघायला



गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतला एक सातवीतला मुलगा जिन्यात आडवा आला. "काकू, एकवीस गिअरची घेऊ की चोवीस गिअरची?" माझ्या उत्तराची त्याला फारशी गरज नव्हतीच. चोवीस म्हणजे एकविसापेक्षा तीनने जास्त, एवढं गणित त्याला येत होतं. मागून त्याचे बाबा आले. त्यांचं दुखणं निराळं. "दोन वर्षांत हा वीतभर वाढणार. नवी कशाला घ्यायची? जुनी चांगली मिळेल का, आणि चांगली आहे हे कळणार कसं?" जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं. आज इथे बसून सांगते.

जुनी सायकल घेण्यात कमीपणा वाटत असेल, तर एक गोष्ट ऐका. माउंटन बाइकचा जन्मच जुन्या सायकलींतून झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. 1970 च्या दशकात तिथल्या काही सायकलवेड्या तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली कवडीमोलाने उचलल्या आणि डोंगरावरून कच्च्या वाटेने खाली सोडायला सुरुवात केली. त्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारा ब्रेक असे. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर हब उघडायचा आणि नव्याने ग्रीस भरायचं. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत म्हणतात रीपॅक, म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. तिथली पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 रोजी झाली.

उतरायची सोय झाली, पण चढायचं कसं? गिअर नव्हते. सायकल ढकलत न्या, नाहीतर ट्रकमध्ये घाला. मग त्या तरुणांतल्या गॅरी फिशर आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच जुन्या धुडांना गिअर बसवले. 1977 मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी या कामासाठी म्हणून खास नवी फ्रेम बनवली, आणि पुढचा सगळा बाजार तिथून उभा राहिला. तेव्हा गिअर बसवले ते चढासाठी. हे लक्षात ठेवलंत तर दुकानदाराच्या निम्म्या बोलण्याला तुम्ही भुलणार नाही.

आता आकडे. रेडिओवर आकडे सांगू नयेत म्हणतात, पण दोन मिनिटं सहन करा.

आपल्याकडच्या साध्या एकवीस गिअरच्या सायकलीला पुढे तीन चेनव्हील असतात, सर्वसाधारणपणे 42, 34 आणि 24 दातांची. मागे सात चक्रांचं फ्रीव्हील, 14 दातांपासून 28 पर्यंत. तीन साते एकवीस. पण पुढचं मोठं 42 चं चेनव्हील आणि मागचं 24 चं चक्र, पुढचं मधलं आणि मागचं 20 चं, पुढचं छोटं आणि मागचं 14 चं, या तिन्ही जोड्यांत पायाला फरक जवळजवळ कळतच नाही. पायडलाच्या एका फेरीत चाक पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास फिरतं, तिन्ही वेळा. म्हणजे एकविसातले कित्येक गिअर एकमेकांचे जुळे भाऊ. बॉक्सवर छापायला एकवीस, पायाला दहा-बारा.

मग बघायचं काय? सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडलाची एक फेरी मारली की सायकल किती पुढे जाते, ते. 26 इंची चाकाच्या या सायकलीत ते अंतर साधारण 1.75 मीटर येतं. अलीकडे पुढे एकच चेनव्हील असलेल्या सायकली आल्या आहेत. दुकानात त्यांना 'वन बाय' म्हणतात. पुढे 32 दात आणि मागे 11 ते 51 दातांची अकरा चक्रांची कॅसेट असली, तर 29 इंची चाक असूनही एका फेरीत सायकल 1.45 मीटरच्या आत राहते. फूटभर कमी. फूटभर म्हणजे किती, ते घाटाच्या तिसऱ्या वळणावर कळतं, जेव्हा चालत जाणारा माणूस तुमच्याबरोबर गप्पा मारत येऊ शकतो आणि तरीही तुम्ही सायकलवरून उतरलेला नसता. गंमत पुढेच आहे. सपाटीवर पळवायच्या जड गिअरमध्येही ही अकरा गिअरची सायकल एका फेरीत साडेसहा मीटरच्या पुढे जाते, आणि एकवीसवाली सव्वासहाच्या आत राहते. दोन्ही टोकांना अकराने एकविसाला हरवलं.

म्हणून सगळ्यांनी वन बायच घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. तिची कॅसेट आणि चेन महाग. गावात मिळत नाही, मागवावी लागते, आणि तोवर सायकल भिंतीला टेकून उभी. सात चक्रांचं फ्रीव्हील आणि त्याची चेन तालुक्याच्या कुठल्याही बऱ्या सायकल दुकानात मिळते आणि तिथला माणूस ती डोळे मिटून बसवतो. तुमचा रस्ता बहुतेक सपाट असेल, शेतावर जाणं-येणं असेल, तर जुनी तीन चेनव्हीलवाली खुशाल घ्या. घाट चढायचे असतील तर वन बाय.

मागच्या शॉकअपबद्दल एकच वाक्य. स्वस्तातल्या लोखंडी सायकलीला पुढे आणि मागे असे दोन्हीकडे शॉकअप असतील, तर ती घेऊ नका. तिचं वजन अठरा-वीस किलोपर्यंत जातं आणि तुमच्या पायातला बराच जोर ती स्प्रिंग दाबण्यात खाते. हे एक वाक्य नव्हे, दोन झाली. असो. ब्रेकचं म्हणाल तर काळ्या मातीच्या मुलखात राहणाऱ्यांनी डिस्क ब्रेकच घ्यावा. रिमवर लागणाऱ्या ब्रेकच्या रबरात चिखल अडकला की ते रबर कानशीसारखं रिम घासतं आणि दोन पावसाळ्यांत रिम पातळ होते.

आता माझी फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एक जुनी माउंटन बाइक घेतली. परदेशी निघालेला एक तरुण, रविवारची सकाळ, पार्किंगमध्ये उभी असलेली चकचकीत सायकल. चेन तर कोरी करकरीत. मी मनात म्हटलं, पोरगा काळजी घेणारा दिसतोय. पार्किंगमध्येच दोन फेऱ्या मारल्या आणि पैसे दिले. पुढच्या रविवारी पुण्याजवळच्या बोपदेव घाटात गेले. चढावर जरा उभं राहून जोर लावला आणि खाडकन आवाज. चेन दातांवरून उडाली, पाय खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला. पुन्हा जोर, पुन्हा खाड. तशीच सायकल ढकलत खाली आणली आणि आमच्या नेहमीच्या सायकलवाल्या मामांकडे गेले. त्यांनी सायकलकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, नवी चेन बघून घेतलीत ना?"

"हो."

"चेन नवी अन् दात जुने. ती बसणार कशी त्यात?"

झालं होतं ते असं. चेन वापरून वापरून लांबते. लांबलेल्या चेनबरोबर मागचे दातही तसेच झिजतात, दोघांचा संसार जमतो आणि सायकल कुरकुर न करता चालते. अशा झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की ती दातांच्या खोबणीत नीट बसत नाही, जोर लावला की वर चढते आणि उडते. पार्किंगच्या सपाट फरशीवर हे कधीच कळणार नाही. मला वाटलं होतं काळजीची खूण; ती होती विक्रीची तयारी.

तेव्हापासून मी सायकल बघायला जाताना स्टीलची फूटपट्टी नेते. चेनचा हिशोब सोपा आहे. एक कडी अर्ध्या इंचाची. चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. चेन ताणून धरायची, पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवायचा आणि बारा इंचांवर काय आहे ते बघायचं. पिनचा मध्य बरोबर बारावर असेल तर चेन नवी. इंचाचा सोळावा भाग पुढे गेला असेल तर चेन बदलायला झाली. आठवा भाग, म्हणजे कारागिरांच्या भाषेत एक सूत, पुढे गेला असेल तर चेनबरोबर मागचं फ्रीव्हील किंवा कॅसेटही गेली असं समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. आणि जुन्या सायकलीवर चेन अगदी नवी असेल, तर मागचे दातही नवे आहेत का, हे बघा. दात माशाच्या परासारखे एका बाजूला झुकलेले, टोकदार दिसले की समजायचं.

बाकीची तपासणी हातानेच होते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि एक बोट हँडलखालच्या कपावर ठेवा. टकटक जाणवली तर कप ढिला आहे. दोन्ही बाजूंचे पायडलाचे दांडे धरून आडवे हलवा. हलले तर मधला बीबी, म्हणजे त्या दांड्यांमधलं बेअरिंग, गेला. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकजवळ नजर ठेवा. थोडा आऊट असेल तर काढता येतो, पण स्पोक रिममध्ये शिरतात त्या भोकांजवळ चीर असेल तर ते चाक भंगारात. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं किंवा बोटाला तेल लागलं तर खर्च आहे. सायकलच्या मागे उभं राहून गिअर खाली लोंबतो तो सरळ आहे का बघा. आत वाकला असेल तर सायकल उजव्या अंगावर पडलेली आहे, मालक काहीही सांगो. फ्रेम ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि हँडलखालचे जोड बघा. अल्युमिनियमच्या फ्रेमला जोडाजवळ केसाएवढी जरी चीर दिसली तरी "वेल्डिंग करून देतो" या बोलण्यावर जाऊ नका. त्या धातूची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने जाते आणि ती परत आणणं गल्लीतल्या वेल्डरच्या हातातलं नाही.

मुंबईची किंवा कोकणातली सायकल असेल तर सीट वर-खाली करून बघाच. खाऱ्या हवेत सीटची नळी फ्रेममध्ये अशी चिकटून बसते की पुढे हातोड्यानेही निघत नाही. तुमची उंची पाच फूट आणि सायकलचा आधीचा मालक सहा फुटी असेल, तर ती सायकल तुम्ही चालवणार कशी? उंचीवरून आठवलं, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, आडवा दांडा पायांमध्ये घेऊन उभं राहा. दांड्याच्या वर दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. उरली नाही तर किंमत कितीही कमी असो, ती सायकल तुमची नाही.

हे सगळं झाल्यावर सायकल चालवून बघा, आणि चढावर बघा. चढ नसेल तर उड्डाणपुलावर न्या.

राहिली चोरीची गोष्ट. जुन्या लोकांना नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल. तो कराचा होता हे खरं, पण सायकल कुणाची याचा थोडातरी पत्ता त्यातून लागे. आज सायकलीला ना बिल्ला, ना आरटीओ. आहे तो फक्त फ्रेमवर कोरलेला नंबर, बहुधा दोन पायडलांच्या मध्यभागी, खालच्या बाजूला. सायकल उलटी करा आणि तो वाचा. घासलेला असेल, त्यावर रंगाचा थर असेल, तर चहा प्या आणि घरी या. नंबर शाबूत असेल तर बिल मागा. बिल नसलं तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, किंमत आणि तो फ्रेम नंबर लिहून त्याची सही घ्या आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून अप्रामाणिकपणे तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वीस हजारांची सायकल कुणी तीन हजारांत देत असेल, तर तेच तसं वाटायचं कारण.

आणि सायकल न बघता एक रुपयाही पाठवू नका. "मी लष्करात आहे, अचानक बदली झाली, सायकल कॅन्टोन्मेंटमध्ये आहे, वाहतुकीचे पैसे आधी टाका" ही गोष्ट गणवेशातल्या फोटोसकट आजवर अनेकांनी ऐकली आहे आणि बऱ्याच जणांनी पैसे घालवले आहेत. तुम्ही विकणारे असाल तर एवढंच: पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. समोरचा कोड स्कॅन करून पिन टाका म्हणाला तर तो तुमचेच पैसे काढतो आहे. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा.

सोसायटीतल्या त्या मुलाला आम्ही शेवटी जुनीच सायकल घेऊन दिली. एकवीस गिअरची. तो सध्या सगळ्यांना चोवीस सांगतो.

येत्या रविवारी तुम्ही सायकल बघायला निघालात तर ऊन असताना जा, ओलं फडकं न्या आणि पिशवीत फूटपट्टी टाका. मुलांच्या कंपासपेटीतली नको. ती सहा इंचांचीच असते.