फलकनुमातलं वांगं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'शाळेने मला काय दिले'. माझ्याआधी सहा जण त्यावर बोलले, छान बोलले. गणिताच्या सरांच्या छडीचा उल्लेख चार वेळा झाला आणि सर चारही वेळा हसले. मी पाचव्यांदा करत नाही. मी एका जेवणाबद्दल बोलणार आहे. शाळेशी त्याचा संबंध आहे, पण तो यायला जरा वेळ लागेल. निबंधात प्रस्तावना लांबली की बाई समासात लाल शाईने 'मुद्द्यावर ये' असं लिहायच्या. आज तेवढं माफ करावं.

२०१३ ची गोष्ट. आमची मुलगी हैदराबादला हायटेक सिटीत नोकरीला लागली होती. पहिला पगार झाला आणि तिने फोन केला, "आजोबांना घेऊन या, मी सगळ्यांना जेवायला नेणार." मला वाटलं बिर्याणी असेल, कुठेतरी पॅराडाईज चौकाच्या आसपास. नांदेडची माणसं हैदराबादला जातात ती दवाखान्यासाठी, चष्म्यासाठी नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी, आणि येताना बिर्याणी खाऊन देवगिरी एक्स्प्रेस पकडतात. तिथे 'जेवायला' म्हणून मुद्दाम जाणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. गाडीत बसल्यावर तिने सांगितलं की फलकनुमा पॅलेसमध्ये टेबल घेतलंय.

माझ्या पोटात गोळा आला. पैशांमुळे आला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त अण्णांमुळे आला.

आमचे अण्णा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे. तुमच्यातल्या पुष्कळांनी त्यांना पाहिलंय. पांढरं धोतर, काळी टोपी, वजिराबादेत अडत दुकानी हिशोब लिहायचे. निजामाचं नाव घरात निघालं की ते ताटावरून उठायचे. १९४८ साली ते चौदा वर्षांचे होते. रझाकारांच्या काळात आजोबांचं धान्याचं दुकान लुटलं गेलं आणि अण्णांचे चुलते पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या कॅम्पात सामील झाले. एवढंच आम्हाला माहीत. बाकी विचारलं की "ते राहू दे" म्हणायचे. माझी सासुरवाडी लातूरची. कासिम रझवी लातुरात वकिली करायचा, म्हणून लग्न ठरवताना अण्णांनी सोयऱ्यांना तोंडावर ऐकवलं होतं, "तुमच्या गावानं आम्हाला लई त्रास दिलाय." सासरे बिचारे तूरडाळीचे व्यापारी, ते काय बोलणार!

आणि अशा माणसाला आम्ही निजामाच्या महालात जेवायला न्यायला निघालो होतो.

महाल मुळात निजामाचा नव्हे, हे मी गाडीत घाईघाईने सांगितलं. पायगाह घराण्यातले विकार-उल-उमरा हे हैदराबादचे पंतप्रधान. त्यांनी १८८४ मध्ये तो बांधायला घेतला आणि पुढे सहावे निजाम महबूब अली पाशांकडे गेला. बरीच वर्षं बंद होता, २०१० पासून तिथे ताजचं हॉटेल आहे. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे निजामाचाच की."

चारमिनारच्या दक्षिणेला टेकडीवर हा महाल आहे. खालच्या दरवाजापासून वर घोड्याच्या बग्गीतून नेतात. बग्गीत चढायला अण्णांनी साफ नकार दिला. "मी काय नवरदेव आहे?" शेवटी नातीने हात धरला तेव्हा चढले, पण टोपी काढून मांडीवर ठेवली. कामून ठेवली, मला आजही कळलेलं नाही. वर एकशे एक माणसं बसतील असं जेवणाचं मेज आहे, ते आम्ही पाहिलं. अण्णा म्हणाले, "वाढपी किती लागत असतील!" लग्नाच्या पंगतीत आयुष्यभर वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

आमचं टेबल होतं 'अदा' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये, गच्चीच्या बाजूला. खाली सगळ्या शहराचे दिवे. पांढरं टेबलक्लॉथ, तीन आकाराचे काटे, रुमाल घडी घालून मोरासारखा उभा केलेला. मी बँकेत माणूस असून माझा हात थरथरत होता, कारण कुठला काटा कशाला ते ठाऊक नव्हतं. मुलगी इंग्रजीत बोलत होती, वाढणारेही इंग्रजीत बोलत होते. बायकोने मेनूकार्डावर वांग्याच्या भाजीची किंमत पाहिली आणि माझ्या कानात म्हणाली, "एवढ्यात तरोडा नाक्यावर पोतं येतं." अण्णा माळकरी, त्यामुळे बिर्याणी बाद. त्यांच्यासाठी रोटी, खट्टी दाल आणि बगारा बैंगन मागवलं. ते हात जोडून बसले होते. देवाला जोडतात तसे नव्हे. शिवायचं नाही म्हणून जोडतात तसे.

ताट आलं. त्यांनी शिवलं नाही. आम्ही कुणीच शिवलं नाही. नातीचं तोंड उतरलं. पहिल्या पगाराचं जेवण, आणि आजोबा उपाशी.

तेवढ्यात एक वयस्क वाढपी आले. शेरवानी, पांढरी दाढी, अदबीने वाकलेले. चमच्याने वांगं उचलून अण्णांच्या ताटात वाढायला लागले, आणि अण्णांच्या तोंडून एकदम निघालं, "नक्को!"

आपल्या 'नको'तलाच हा 'नक्को', पण हा हैदराबादी, दखनी. क दुप्पट, मान किंचित वाकडी. त्या गृहस्थांचा चमचा हवेतच थांबला. इंग्रजी गळून पडलं आणि ते हसून म्हणाले, "साब हैदराबाद के हैं क्या?"

अण्णा म्हणाले, "हैदराबाद स्टेट के."

मित्रहो, मी तोवर पंचेचाळीस वर्षं त्यांचा मुलगा होतो. अण्णांना उर्दू येते हे मला माहीत नव्हतं. पुढची पंधरा मिनिटं ते उर्दूत बोलले. अडखळत नव्हे, नीट, जेर-जबर सांभाळून. त्यांच्या लहानपणी नांदेडच्या सरकारी शाळेत वरच्या वर्गांना उर्दूतूनच शिकवत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्या वर्गात आमचे अण्णा बसलेले असतील, हे डोक्यातच आलं नाही. ते त्या वाढप्यांना सांगत होते की आमच्याकडेही वांगं असंच करतात, दाणे-तीळ-खोबरं भाजून, वाटून, चिंच घालून. ते म्हणाले, बगार म्हणजे फोडणी, साब, बाकी तुमचं-आमचं कूट एकच. मग अण्णांनी रोटीचा तुकडा मोडला, वांग्यात बुडवला आणि खाल्ला. बायकोनेही चाखून पाहिलं आणि लातूरचा निकाल दिला, "काळा मसाला तेवढा नाही. बाकी आपलंच."

वाढपी गेल्यावर अण्णा बराच वेळ खालच्या दिव्यांकडे बघत होते. मग आपणहून बोलले. आमच्याकडे न बघता.

त्यांना उर्दू शिकवायला एक मौलवीसाहेब होते. खुशखत म्हणजे सुंदर अक्षर काढायला त्यांनी शिकवलं. अण्णांचं जमाखर्चाचं अक्षर अख्ख्या बाजारात नावाजलेलं होतं, ते त्या मौलवीसाहेबांमुळे. रझाकार गल्लीत आले तेव्हा अण्णा आमच्या जुन्या घराच्या माळवदावर पालथे पडून होते. पोलीस अॅक्शन झाली, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, गल्लीत गूळ वाटला. त्यानंतर काही दिवसांनी लोक मौलवीसाहेबांच्या घराकडे गेले. अण्णा म्हणाले, "तेव्हाबी मी माळवदावरच होतो. दोन्ही वेळा माळवदावरच." पुढे त्या घरात कुणी राहायला आलं नाही, एवढं सांगून थांबले.

इतिहासाच्या सरांना एक सांगायचंय. सर, दर १७ सप्टेंबरला तुम्ही आमच्याकडून मुक्तिसंग्रामावर निबंध लिहून घ्यायचात. स्वामी रामानंद तीर्थांवर लिहिलेल्या माझ्या निबंधाला तुम्ही दहापैकी नऊ दिले होते. तो लढा खरा होता आणि आमच्या घरातून तो लढला गेला, याचा मला अभिमान आहे. पण गूळ वाटल्यानंतरच्या दिवसांबद्दल आम्ही कधी लिहिलं नाही. तुमचा दोष नाही. पंडित सुंदरलाल समितीने तेव्हा पाहणी करून सरकारला अहवाल दिला होता. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून त्यात जे चार जिल्हे आहेत, त्यात उस्मानाबाद आहे, म्हणजे आजचं लातूरही त्यात आलं, आणि नांदेडही आहे. तो अहवालच कित्येक वर्षं लोकांपुढे आला नाही, तर तुम्ही शिकवणार कुठून.

बिल आलं. मुलीने ते मला दाखवलं नाही. अण्णांनी विचारलं, "किती झाले? हालीत सांग नाहीतर कलदारात." निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार, त्यांच्या लहानपणी बाजारात दोन्ही चालायचे. ते वाढपी मागे उभे होते, ते मोठ्याने हसले. त्या हॉटेलात तेवढ्या मोठ्याने कुणी हसत नसावं.

खुबानी का मीठा आला तो अण्णांनी दोनदा घेतला. तेव्हा 'नक्को' म्हणाले नाहीत.

आता शाळा.

तिसऱ्या बाकावर माझ्याशेजारी कोण बसायचं, तुम्हाला माहीत आहे. तो आज समोर चौथ्या रांगेत बसलाय. त्याची परवानगी घेऊनच बोलतो. सातवीत असताना त्याच्या डब्यात शुक्रवारी बगारा भात आणि दालचा असायचा. हरभऱ्याच्या डाळीत दुधी भोपळा, चिंच, कढीपत्ता. मी माझी भाकरी-ठेचा त्याला द्यायचो आणि दालचा मी ओरपायचो. असे चार-पाच शुक्रवार झाले. एके दिवशी माझ्या शर्टावर डाग दिसला आणि अण्णांना कळलं. ते ओरडले नाहीत, मारलं नाही. "त्या घरचं खायचं नाही," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

पुढच्या शुक्रवारी मी याला सांगितलं, "डॉक्टरनी मला तिखट बंद केलंय." त्याने घरी जाऊन ते सांगितलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याच्या डब्यात दोन कप्पे होते. एका कप्प्यात त्याचा दालचा, दुसऱ्यात माझ्यासाठी वेगळा, मिरची न घातलेला. त्याच्या अम्मीने मुद्दाम केलेला. मी म्हणालो, "पोट दुखतंय," आणि तोही खाल्ला नाही. त्यानंतर दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, गृहपाठ एकमेकांचा उतरवला, पण एका डब्यात जेवलो नाही. त्याने कधी विचारलं नाही.

त्या रात्री फलकनुमाहून परत येताना बग्गीत अण्णांनी मला विचारलं, "तुझ्यासंगट बसायचा तो पोरगा, कुठंय आता?" मी म्हणालो, देगलूर नाक्यालाच राहतो, दुकान आहे. ते "हं" म्हणाले. बस. त्या पोराचा विषय आमच्या घरात तीस वर्षांत पहिल्यांदा निघाला होता, आणि तो असा निघाला. अण्णा २०१७ मध्ये गेले. तो मयतीला आला होता, मागे उभा होता. तेव्हाही मी त्याला काही सांगितलं नाही. उगीच खोटं बोलून काय उपयोग, धीर झाला नाही.

या मेळाव्याच्या निमित्ताने व्हॉट्सअॅपचा ग्रुप झाला आणि मागच्या महिन्यात मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं. डॉक्टर, तिखट, पोटदुखी, सगळं खोटं होतं म्हणून. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, मला त्याच दिवशी कळलं होतं. दुपारी तू गेटवरच्या गाड्यावर लाल तिखट लावून पेरू खात होतास." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, "अम्मीला काय सांगू? ती म्हणायची, बिचाऱ्याचं पोट नाजूक आहे. ते तसंच राहू दिलं."

आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलापाशी तो भेटला. हातात चार कप्प्यांचा डबा. अम्मी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, सून करते, पण आज म्हणे स्वतः ओट्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलंय, तुझ्या त्या मित्राला आता तिखट चालतं का? याने सांगितलं, माहीत नाही. म्हणून एका कप्प्यात मिरची घातलेला आहे, दुसऱ्यात बिनमिरचीचा.

संयोजकांनी जेवणाचा बेत फार चांगला ठेवलाय, फळ्यावर वाचला. पण केटररला माझं एक ताट कमी सांगावं. कार्यक्रम संपला की मी चौथ्या रांगेत असेन, आणि दोन्ही कप्पे मी खाणार आहे.