बाळंतिणीची डोकेदुखी आणि एक रक्तपरीक्षा

रायपूरच्या पंडरीत कापडाची मोठी बाजारपेठ आहे, तसेच जिल्हा रुग्णालयही आहे. अशा रुग्णालयात पंधरा दिवसांची बाळंतीण डोके धरून आली, की घरची माणसे म्हणतात, 'वारा लागला असेल.' पण बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठू पाहते. त्यातच तिला पाणी बेताने देण्याची आपल्याकडची चाल! मेंदूतील रक्त परत नेणाऱ्या नीलांत गुठळी झाली, तर डोकेदुखीमागोमाग ओकाऱ्या आणि झटकेही येऊ शकतात.

गुठळी विरघळू लागली, की फायब्रिनचे तुकडे रक्तात उतरतात. त्यांपैकीच एक डी-डायमर. तो मिलिलिटरमागे 500 नॅनोग्रॅमहून कमी आढळला, तर गुठळीचा संशय पुष्कळसा मावळतो. मात्र दुखणे जुने असले किंवा गुठळी लहान असली, तर गुठळी असूनही हा आकडा कमी भरू शकतो. उलट बाळंतिणीच्या रक्तात तो एरवीही वाढलेलाच असतो. जिथे गरज अधिक, तिथेच हा साक्षीदार कच्चा! म्हणून लक्षणे बोलकी असतील, तर या आकड्यावर न विसंबता नीलांचे चित्र दाखविणारी एम.आर.आय. तपासणी करावी लागते. गुठळी निश्चित झाली, तर रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला असला तरीही, देतात.