आन ह्यून-सू : एका स्केटिंगपटूची दोन राष्ट्रे
(व्याख्यानाचा मजकूर)



‘मानवी भांडवल’ ही संज्ञा आपण पाठ्यपुस्तकांत अनेकदा वाचली असेल. शिक्षण, आरोग्य व प्रशिक्षण यांवरील खर्च ही गुंतवणूक होय, एवढे लिहिले की गुण मिळतात. ती गुंतवणूक ज्याच्या देहात साठते, तो माणूस उठून दुसरीकडे गेला तर काय, हे मात्र परीक्षेत सहसा विचारले जात नाही. आज तोच प्रश्न मी एका खेळाडूच्या कारकिर्दीतून मांडणार आहे.

खेळ आहे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग. १११.१२ मीटरचा लंबवर्तुळाकार मार्ग आणि शर्यत घड्याळाशी नव्हे, तर खांद्याला खांदा लावून धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी. १९९२ साली आल्बेरव्हील येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे समाविष्ट झाला आणि हिवाळी ऑलिंपिकमधील आपले पहिले सुवर्णपदक दक्षिण कोरियाने याच खेळात मिळविले. लाँग ट्रॅकसाठी ४०० मीटरचे स्वतंत्र मैदान लागते. शॉर्ट ट्रॅक आइस हॉकीच्याच बर्फावर चालतो. कोरियाने नेमका हाच खेळ जोपासावा, यात मला तुलनात्मक लाभाचे तत्त्व दिसते. क्रीडासमीक्षकांना हे कदाचित मान्य होणार नाही.

आन ह्यून-सू याचा जन्म १९८५ चा, सोलचा. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, १००० मीटरच्या अंतिम फेरीत शेवटच्या वळणावर झालेल्या पडझडीत तो सापडला व पदकास मुकला. २००३ ते २००७ अशी सलग पाच वर्षे तो सर्वसाधारण जागतिक विजेता होता. २००६ मध्ये तुरिन येथे त्याने तीन सुवर्ण व एक कांस्य पदक पटकावले.

जानेवारी २००८ मध्ये सरावात त्याचा गुडघा दुखावला आणि २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली नाही. येथे कथेत सार्वजनिक वित्तव्यवस्था प्रवेश करते. आन सेओंगनाम या शहराच्या संघाकडून खेळत असे. कोरियात अनेक खेळाडूंना स्थानिक स्वराज्य संस्था वेतन देतात. जुलै २०१० मध्ये या शहराने आपली काही देणी वेळेवर फेडता येणार नाहीत असे जाहीर केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्याचा स्केटिंग संघ विसर्जित झाला. काटकसरीची कुऱ्हाड प्रथम आवर्ती खर्चावर पडते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. देहरादून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारलेले बर्फाचे क्रीडागृह पुढे कित्येक वर्षे बंद होते. ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. इमारत उभी असते, बर्फ मात्र रोज गोठवावा लागतो.

केवळ संघ विसर्जित झाला म्हणून आन देश सोडून गेला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दुखापत, हुकलेली निवड आणि क्रीडासंघटनेतील गटबाजीचे आरोप, हे सारे त्यामागे होते. डिसेंबर २०११ मध्ये त्याने रशियाचे नागरिकत्व घेतले व व्हिक्टर हे नाव धारण केले. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्याने ५०० मीटर, १००० मीटर व रिले अशी तीन सुवर्णपदके रशियाला दिली. शिवाय १५०० मीटरमध्ये कांस्य. शॉर्ट ट्रॅकमधील रशियाचे ते पहिलेच पदक. त्याच स्पर्धेत कोरियाच्या पुरुष संघाला एकही पदक मिळाले नाही. स्पर्धा सुरू असतानाच कोरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी, आनच्या जाण्यामागे क्रीडाक्षेत्रातील गैरव्यवहार तर नाहीत ना, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. हा प्रश्न २०१० मध्ये विचारला गेला असता, तर त्याची किंमत बरीच कमी पडली असती.

२०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकसाठी त्याला निमंत्रण मिळाले नाही. मायदेशातील बर्फावर ऑलिंपिक खेळण्याची संधी गेली. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो चीनच्या संघाच्या प्रशिक्षकवर्गात होता.