शेटलंडची शाल

थंडीचे दिवस आले कीं घरोघरीं लोंकरीचे गुंडे बाहेर पडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांत मात्र एके काळीं बायकांच्या हातचें विणकाम बारा महिने सुटत नसे.

तेथील मेंढ्या लहानखुऱ्या, पण लोंकर अतिशय मऊ. पूर्वी ती कातरण्याऐवजीं, उन्हाळ्याच्या तोंडीं सैल झाली म्हणजे हातांनींच उपटून घेत. पांढरा, करडा, काळा, तांबूस तपकिरी हे रंग मेंढीच्याच अंगचे. रंगाऱ्याचें काम पडत नसे. सूत घरच्या चरख्यावर निघे. शालीचा मधला चौकोन अगदीं साधा: ओळ जातांना सुलट, येतांनाहि सुलट. असें विणकाम कडेस वळत नाहीं, दोन्ही अंगांनीं सारखें दिसतें, आणि हातसुताचा जाडबारीकपणा त्याच्या वळ्यांत लपतो. रंगांचे पट्टे खुलत ते भोंवतालच्या लाटांसारख्या किनारींत.

पाठीवर जळाऊ मातीची टोपली आणि कमरेस घोड्याच्या केसांनीं भरलेला चामडी पट्टा. त्याच्या छिद्रांत सुई खोवून या बायका चालतां चालतां विणीत. आणि मोल? दुकानदार रोख पैसा क्वचितच देई. शालीच्या बदल्यांत चहा नाहीं तर कापड. १८७२ सालच्या सरकारी चौकशीपुढें स्त्रियांनीं सांगितलें कीं, तो चहा देऊन पीठ मिळवावें लागे. विणणारीच्या घरीं चहा, पण भाकरी नाहीं! १८८७ च्या कायद्यानें ही पद्धति बंद व्हावयाची होती. दुकानदारांनीं ती लगेच सोडली नाहीं.