खेड्यातील मिस्सा आणि मेळावा

अंबड हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना मत्स्योदरी देवीमुळे ठाऊक असेल. टेकडीवरचे देऊळ, नवरात्रातली गर्दी आणि दत्तजयंतीचा संगीत महोत्सव ही या गावाची ओळख. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे, आणि पलीकडे गोदाकाठी एकनाथांचे पैठण. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला, चार माणसे जमली की भजन व्हायचेच, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पण याच मुलखात काही वस्त्या अशा आहेत की तिथे टाळ तोच, पखवाज तोच, बसायची सतरंजीही तीच, आणि भजन मात्र येशू ख्रिस्ताचे. आपण त्यांचे शेजारी. तरी त्यांच्या उपासनेविषयी आणि मेळाव्यांविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक असते. मी स्वतः त्या धर्माचा नव्हे. मराठी शिकवणारा माणूस आहे. गाणे कोणत्या गळ्यातून येते, एवढ्याच कुतूहलाने मी तिथे गेलो आणि एक विचार घेऊन परत आलो. तो आज आपल्यापुढे मांडतो.

त्याचे असे झाले. दोन वर्षांमागे माझा एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, आमच्या गावात मरियामातेचा सण आहे. या ना.’ महिना मे. मी म्हटले, ‘अरे, तुमचा मोठा सण नाताळ ना?’ तो हसला. ‘नाताळला गावात असतंय कोण, सर? निम्मी वस्ती ऊसतोडीला.’

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की फाल्गुन-चैत्रात परततात. पंचवीस डिसेंबरला म्हातारीकोतारी तेवढी घरी असतात. म्हणून या वस्तीने आपला मोठा मेळावा मे महिन्यात घेतला. कॅथलिक परंपरेत मे हा मरियेचा महिना मानतात. म्हणजे धर्माचे पंचांगही राखले आणि पोटाचे पंचांगही राखले. ही तोड वस्तीतल्याच लोकांनी काढलेली.

आता कॅथलिक लोकांची व्यवस्था कशी असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. बिशपच्या देखरेखीखालच्या मुलखाला धर्मप्रांत म्हणतात. जालना जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि बिशपचे मुख्य मंदिर, म्हणजे कॅथीड्रल, तिथेच आहे. धर्मप्रांताचे भाग म्हणजे धर्मग्राम. एका धर्मग्रामात आसपासची अनेक खेडी मोडतात आणि धर्मगुरू एक नाहीतर दोन. साहजिकच प्रत्येक वस्तीत दर रविवारी मिस्सा होऊ शकत नाही. इतर रविवारी गावातला प्रचारक प्रार्थना चालवतो. लोक त्याला ‘मास्तर’ म्हणतात. शिक्षक बंधुभगिनींना हे ऐकून बरे वाटेल!

वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात, धर्मप्रांतातले सारे धर्मगुरू बिशपभोवती जमतात. त्या मिस्सेत तेल आशीर्वादित करतात आणि ते तेल बाटल्यांतून गावोगाव जाते. पोराचा बाप्तिस्मा असो, की आजाऱ्याच्या कपाळी लावायचे असो, तेल त्या मेळाव्यातले. दूरच्या वस्तीतल्या माणसाला धर्मप्रांत कळतो तो असा, बोटभर तेलातून.

बरे, या उपासनेत मराठी कुठून आली? तिचा इतिहास चारशे वर्षांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’तच एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती लोक त्याला विचारतात, की आमची जुनी पुराणे आता सुटली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? प्रश्न रास्त होता. माणसांना जमायचे होते, पण जमल्यावर ऐकायला काही नव्हते. स्टीफन्सने त्यांना सुमारे ११ हजार ओव्या दिल्या. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही रोमी लिपीत. त्या वर्षी आपल्या जांबचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, आठ वर्षांचा होता. ओवी ही जातीपातीची किंवा धर्माची मिरास नाही, हे दाखवायला याहून चांगला दाखला कोणता?

पण दिलेले गाणे काढूनही घेता येते. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मानाने भाषा मरत नाही. पण तिची मानाची जागा जाते.

पुढे आपल्या बाजूला प्रॉटेस्टंट पंथात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाची वाट पुन्हा मोकळी करून दिली. टिळक १९१९ साली गेले. त्यांची पदे आजही गायली जातात. कॅथलिक मिस्सा मात्र तेव्हा लॅटिनमध्येच होत असे. बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत झाला आणि लोकभाषेला वेदीपाशी जागा मिळाली. मग १९६९ साली भारतातील कॅथलिक उपासनेसाठी बारा गोष्टींना रोमची मान्यता मिळाली. जोडे बाहेर काढावे, जमिनीवर बसावे, पंचांग प्रणाम करावा, मेणबत्तीऐवजी समई चालेल, आरती ओवाळावी, अशा त्या गोष्टी. आपल्याला वाटेल, यात मान्यता कसली घ्यायची? आपण तर बसतोच जमिनीवर! पण ज्यांना वर्षानुवर्षे परक्या रीतीने देवापुढे उभे राहावे लागले, त्यांना विचारा.

आता परत त्या वस्तीत येऊ. मंडप ताडपत्र्यांचा. त्यातल्या दोन ताडपत्र्या शेजारच्या मराठा शेतकऱ्याच्या. मे महिना, म्हणून पाणी टँकरचे. धर्मगुरू आले, समई लागली, मिस्सा झाली. नंतर पंगत. बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात. पंगतीनंतर मास्तरांनी वर्गणीचा हिशेब उभ्याने वाचून दाखवला. कोणी किती दिले, तेल किती आणले, उरले किती. मला ही गोष्ट मिस्सेइतकीच मोलाची वाटली.

रात्री भजन होते. भजन म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणी, भाड्याच्या मोठ्या कर्ण्यांतून. गाणी चांगली होती. पोरे नाचत होती, बायका ऐकत होत्या. पखवाज कोपऱ्यात गवसणीत होता. नऊच्या सुमारास लाइट गेली. गाणे ओळीच्या मध्येच तुटले.

श्रोतेहो, तेव्हा जी शांतता झाली ती मला अजून आठवते. दीडदोनशे माणसे समोर बसलेली, आणि तेच गाणे पुढे नेणारा एकही गळा नाही. शेवटी एका म्हातारीने जुने भजन धरले. दुसरी तिला मिळाली. दोन कडवी झाली. तिसरे दोघींनाही आठवेना. मग लोकांनी नुसत्याच टाळ्या धरल्या आणि लाइट येण्याची वाट पाहिली.

मी मास्तरांना विचारले, ‘भजनी मंडळ होते ना तुमचे?’ ते म्हणाले, ‘होतं की. दोघं वारले, एक पुण्याला गेला. पोरं सहा महिने फडावर. शिकवायचं कोणाला आणि कधी?’

यावर मी काय बोलणार? आणि हे एकट्या ख्रिस्ती वस्तीचे दुखणे नव्हे. आपल्या सप्त्यात काय होते, उरुसात काय होते, गणपतीपुढे काय होते, हे आपण पाहतोच. माणसे पूर्वीपेक्षा जास्त जमतात. पण जमलेल्या माणसांना करायला काही उरत नाही. जमाव आणि मेळावा यांत मला फरक दिसतो तो एवढाच. जमावात माणूस पाहुणा असतो. मेळाव्यात त्याच्याकडे एखादे काम असते. कोणी पाणी वाढतो, कोणी हिशेब ठेवतो, कोणी गातो. त्या वस्तीने पंगतीचे काम आणि हिशेबाचे काम आपल्या हाती ठेवले होते, म्हणून ती वस्ती उभी होती. गाण्याचे काम मात्र त्यांनी भाड्याने दिले होते. आणि गाणे हीच गोष्ट अशी, की तिच्यासाठी चारशे वर्षे खटपट झाली आहे. फर्मानाला जे जमले नाही ते आपल्या सवडीने, आपल्या हाताने होऊ नये.

जगाच्या पाठीवरही हाच विचार चालू आहे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘सिनड’ या नावाने एक मोठी सल्लामसलत सुरू केली आणि धर्मप्रांतांना सांगितले, की आधी सामान्य लोकांचे ऐका. २०२४ च्या ऑक्टोबरात तिची शेवटची बैठक रोममध्ये झाली. सिनड हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ एका वाटेने मिळून चालणे. आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको, कारण आपल्याकडे दिंडी आहे. दिंडीत प्रत्येकाच्या हाती टाळ असतो, हे मात्र विसरता कामा नये.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेत सगळ्या धर्मांची मुले येतात. त्यांना एक वही घालायला सांगा. आजी जे भजन म्हणते, ओवी म्हणते, नात म्हणते, ते तिच्याकडून ऐकून उतरवून आणा. नुसते उतरवून भागायचे नाही. महिन्याला एक तरी तोंडपाठ करा आणि वर्गात म्हणा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाबरोबर ती वही फडावर जाऊ द्या. त्याला टाळ न्यायला जागा नसली तरी वहीपुरती जागा पेटीत असते.

गेल्या मे महिन्यात मी त्या वस्तीत पुन्हा गेलो. कर्णे होतेच. पण कर्णे लावण्याआधी अर्धा तास पखवाज बाहेर निघाला. वाजवणारा माझाच विद्यार्थी. हात अजून कच्चा, ठेका मधूनमधून सुटत होता. ती म्हातारी पुढे बसली होती. तिसरे कडवे तिला अजून आठवलेले नाही. मास्तर म्हणाले, शेजारच्या गावात एकीला येतं म्हणतात, पट्टा पडून सगळे परतले की विचारून येऊ.

तुमच्याही गावात असे कोणाचे तरी तिसरे कडवे राहिले असेल. विचारून ठेवा.