चावडी वाचनाशिवाय गो-लाइव्ह नको



डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, आभारी आहे. भर पावसाळ्यात आपल्याला गोरेगाव स्टेशनवरून आरे कॉलनीत वेळेवर आणून बसवणाऱ्या संयोजकांचेही आभार. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. घेतो. मायएसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तरी ते अजून कितीतरी ठिकाणी निवांत चालू आहे. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षांत निवृत्त होते. म्हणजे डेटाबेस हलवणं कुणालाच चुकलेलं नाही. आढावा संपला. आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो.

आपण डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेतो आणि तो नीट पोचला की नाही, हेही आपणच ठरवतो. ओळींची संख्या जुळली, रकमांची बेरीज जुळली, की झाली गो-लाइव्हची, म्हणजे नवी यंत्रणा सुरू करण्याची, सही. ज्याची ती माहिती आहे, त्याला कुणी विचारतच नाही.

२०१७ मध्ये महसूल खात्याने विचारलं होतं. सातबारा ऑनलाइन करताना गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा हस्तलिखिताशी ताडायचा, ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचायचा, हरकती घ्यायच्या, मग दुरुस्ती. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी! आपल्यातले शहाणे तेव्हा हसले, म्हणाले, हे काय सरकारी नाटक. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला. चुका उरल्याच, लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे आजही अर्ज जातात. पण पारावरच्या म्हाताऱ्याला ‘ही विहीर सामाईक आहे, एकट्याच्या नावावर कशी?’ असं विचारायची संधी तरी मिळाली. तुमच्या कोणत्या प्रकल्पात ती कुणाला मिळते, सांगा.

आपण बसलोय ती आरेची वसाहतच घ्या. दुग्धव्यवसायातल्या दारा खुरोडी यांनी १९४९ मध्ये ती उभारली, मुंबईतल्या तबेल्यांतली जनावरं इथे आणली. इथला पत्ता आजही युनिटच्या नंबरावरून सांगतात. याच बाजूच्या एका पतपेढीत, नाव घेत नाही, मला तपासणीला बोलावलं होतं. नवी आवृत्ती बसवताना कंत्राटदाराने नावं ‘स्वच्छ’ करणारी स्क्रिप्टही चालवली होती. ताळेबंद पैशापर्यंत जुळत होता. मी सभासदांची यादी छापून घेतली आणि काउंटरवरच्या जुन्या बाईंना मोठ्याने वाचायला सांगितलं. पहिल्याच पानावर त्या थांबल्या. ‘हे एकाच नावाचे तिघे. आता ओळखायचे कसे? आम्ही कंसात युनिट लिहीत होतो.’ स्क्रिप्टने कंस आणि त्यातलं सगळं उडवलं होतं. खातेक्रमांक वेगवेगळे, म्हणून बेरजेला त्याचा पत्ताच नव्हता. पण पासबुक न आणता येणाऱ्या माणसाच्या हातात भलत्याचे पैसे गेले असते.

पुढे आडनावात ‘ऱ्ह’ असलेले एक आजोबा सापडेनात. युनिकोडमध्ये ही अक्षरं दोन तऱ्हांनी लिहिता येतात: ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच. शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ती दोन वेगळी माणसं. आजोबा समोर उभे आणि संगणक म्हणतो, असा सभासदच नाही.

सकाळच्या परिसंवादात वाद रंगला: जागच्या जागी अपग्रेड करावं, की शेजारी नवा सर्व्हर उभारावा? मी एका इस्पितळात पाहिलंय. पोस्टग्रेसची आवृत्ती बदलणारं पीजी_अपग्रेड लिंक पद्धतीने चालवलं, काही मिनिटांत झालं, टाळ्या पडल्या. ही पद्धत जुन्या-नव्याला त्याच फायली वापरायला लावते. नवा सर्व्हर सुरू झाला की जुना वापरण्यात धोका. ओपीडी सुरू झाली आणि दुपारी अहवाल चुकू लागले. परतायचं तर आदल्या रात्रीच्या बॅकअपवर, म्हणजे सकाळचे सगळे रुग्ण पुसून. माझ्यापुरता वाद तिथे मिटला. शेजारी नवा उभारा.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलाल तर आणखी सावध. लिनक्समधल्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीमध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. नावांवरचे जुने इंडेक्स पुन्हा बांधले नाहीत, तर असलेली नोंद सापडत नाही, आणि तक्रार कुठेच उमटत नाही. ही चूकही पुन्हा काउंटरवरच्या बाईंनाच कळते.

‘वाचायला वेळ कुठे आहे?’ हे उत्तर मला पाठ झालंय. अहो, वाचन प्रतीवर होतं, आधी होतं. त्यासाठी यंत्रणा एक मिनिटही बंद ठेवावी लागत नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये घाईने स्थलांतर केलं, लाखो ग्राहकांना खाती उघडेनात. २०२२ मध्ये दंड झाला, सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंड. एवढ्यात किती वाचनं झाली असती!

पूर्वी संगणक विभागात एक तरी माणूस टेबलावरून उठून खालच्या मजल्यावर विचारायला जात असे. आता तिकीट उघडतात आणि तिकीट बंद करतात.

या वर्षात एक मार्गदर्शिका काढावी म्हणतो. मसुदा कोण करणार ते कार्यकारिणी पाहील. कार्यशाळाही जमतील तशा घेऊ. ठराव मात्र आजच मांडतो: माहितीच्या धन्यासमोर नमुन्याच्या नोंदी मोठ्याने वाचल्याशिवाय आपल्यापैकी कुणीही गो-लाइव्हच्या कागदावर सही करू नये. सूचना असतील त्यांनी चहाच्या वेळी भेटावं. विरोध असेल त्यांनी आत्ता, इथेच बोलावं.